आकड्यांतून शरीराचा काप: सीटी स्कॅनमागचं गणित

मुंबई-आग्रा हायवेवर गाडी घसरून कुणाचं डोकं आपटतं, घरात बसल्या बसल्या कुणाचा एक हात लुळा पडतो, कुणाची पोटदुखी आठवडाभर हटत नाही. अशा वेळी नाशिकच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "सीटी करून घ्या." पेशंट टेबलावर झोपतो, टेबल त्या गोल भोकात सरकतं, आत काहीतरी गरगरतं आणि काही मिनिटांत सगळं आटोपतं. बाहेर बाकावर बसलेले काका टेक्निशियनला विचारतात, "दादा, निघाला का फोटो?" "निघेल काका, कॉम्प्युटरवर तयार होतोय."

टेक्निशियनचं उत्तर तंतोतंत बरोबर आहे. सीटीचं मशिन फोटो काढतच नाही. ते फक्त मोजतं. एका बाजूने सोडलेले एक्स-रे शरीरातून पलीकडे किती पोचले, याचे लाखो आकडे ते गोळा करतं. हे आकडे पडद्यावर जसेच्या तसे मांडले तर मेंदू दिसत नाही, फुफ्फुस दिसत नाही. एकमेकांत गुंतलेल्या करड्या लाटा दिसतात. त्या लाटांमधून शरीराचा काप उभा करणाऱ्या गणिती कृतीला रिकन्स्ट्रक्शन अल्गोरिदम म्हणतात. असे अल्गोरिदम लिहिणं आणि तपासणं हे माझं काम आहे. ते गणित कसं केलं यावर दोन गोष्टी ठरतात, डॉक्टरांना काय दिसणार आणि पेशंटच्या अंगातून किती किरण जाणार, म्हणून ते सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं. दहावीपर्यंतचं गणित डोक्यात असेल तर यातलं बहुतेक सगळं समजतं.

मोजतात ते नेमकं काय?

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात एक्स-रे शोधले आणि त्यानंतर पाऊणशे वर्षं डॉक्टरांकडे शरीराच्या आत बघायला मुख्यतः सावलीच होती. साध्या एक्स-रेत छातीची पुढची बरगडी, हृदय, फुफ्फुस आणि पाठीचा कणा हे सगळं एकाच फिल्मवर एकावर एक पडतं. निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागेच्या टोकाला उभं राहून ओळीच्या दिशेने पाहिलं तर सगळ्या वेली एकामागे एक लपतात. बांधावरून चालत कडेकडेने फिरलं की कुठली वेल कुठे आहे ते उलगडत जातं. सीटीमध्ये एक्स-रेची नळी आणि तिच्या समोरची डिटेक्टरची, म्हणजे पलीकडे पोचलेले किरण मोजणाऱ्या भागांची, रांग पेशंटभोवती फिरते ती याचसाठी.

आता एकच किरण घ्या. सीटीमध्ये वापरतात त्या ताकदीचे एक्स-रे पाण्याच्या दर सेंटीमीटरला साधारण १८ टक्के अडतात. उरलेल्यातले पुन्हा १८ टक्के पुढच्या सेंटीमीटरला अडतात. असं करत २० सेंटीमीटर, म्हणजे साधारण डोक्याएवढी जाडी पार केली की १०० पैकी जेमतेम २ फोटॉन, म्हणजे किरणांचे सुटे कण, पलीकडे पोचतात. पोट सुटलेल्या माणसाच्या कमरेला ४० सेंटीमीटर जाडी असेल तर दहा हजारांतले ३ उरतात. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

ही सगळी गुणाकारांची साखळी झाली. तिचा लॉगरिदम घेतला की गुणाकारांची बेरीज होते. मग प्रत्येक डिटेक्टरचं माप एवढंच सांगतं, 'या रेषेवर जे जे काही होतं, त्याच्या अडवण्याच्या क्षमतेची बेरीज इतकी.' रेषेवर कुठे हाड होतं, कुठे रक्त, कुठे हवा, हे त्या एका आकड्यात नाही. अशा असंख्य रेषांच्या बेरजा हातात आहेत आणि प्रत्येक ठिकाणचा मूळ आकडा शोधायचा आहे. बस्स, एवढाच प्रश्न.

चार चौकटींचा रुग्ण

हा प्रश्न कागदावर सोडवून बघता येतो, आणि मी तर म्हणेन बघायलाच हवा. शरीराचा काप म्हणून फक्त चार चौकटी घ्या. आत हे आकडे आहेत, पण आपल्याला ते दिसत नाहीत:

५   १
२   ४

आपल्याला कळतात फक्त बेरजा. आडव्या ओळी: वरची ६, खालची ६. उभ्या ओळी: डावी ७, उजवी ५.

सुरुवातीला काहीच माहीत नाही, म्हणून सगळीकडे शून्य धरू. वरच्या ओळीची बेरीज ६ हवी, तर ती दोन चौकटींत सारखी वाटा: ३ आणि ३. खालच्या ओळीतही ३ आणि ३. आता उभ्या ओळी तपासा. डावीची बेरीज ६ भरते, हवी ७. कमी पडलेला १ दोघांत वाटला की दोन्ही ३.५ झाले. उजवीची ६ भरते, हवी ५, दोन्ही २.५ झाले. आता चित्र असं:

३.५   २.५
३.५   २.५

इथे थांबा आणि पडताळून पाहा. आडव्या बेरजा ६ आणि ६, उभ्या ७ आणि ५. चारही मापं जुळली, तरीही उत्तर साफ चुकलेलं आहे. या सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. मापं पुरेशी नसतील तर त्यांच्याशी जुळणारी अनेक चित्रं असू शकतात, आणि अल्गोरिदम त्यातलं कुठलं तरी एक आपल्या हातात ठेवतो.

म्हणून आणखी एक कोन मोजू. तिरप्या बेरजा: डावीकडून वरून खाली येणारी ५ आणि ४ ची बेरीज ९, दुसरी १ आणि २ ची बेरीज ३. आपल्या चित्रात पहिली तिरपी ६ भरते. ३ कमी पडले, दोघांना दीड-दीड दिला: ५ आणि ४. दुसरीही ६ भरते, ३ जास्त झाले, दोघांतून दीड-दीड काढला: १ आणि २. मूळ चित्र जसंच्या तसं परत मिळालं.

ही रीत पोलंडचे गणिती स्टेफान काचमाझ यांनी १९३७ मध्ये मांडली. समीकरणांचा ढीग असेल तर एकेक समीकरण घ्या, जेवढी चूक आहे तेवढीच दुरुस्त करा, पुढच्याकडे जा. १९७० मध्ये ती प्रतिमा उभारण्यासाठी नव्याने पुढे आली आणि आजही तिची पोरं-नातवंडं वापरात आहेत.

आता एक खोडी करू. समजा पहिली तिरपी बेरीज मोजताना ९ ऐवजी १० आली. मग त्या दोन चौकटी ५.५ आणि ४.५ होतात, आणि वरच्या आडव्या ओळीची बेरीज ६.५ भरते. ती ६ करायला गेलं की तिरपी बिघडते, तिरपी नीट केली की आडवी बिघडते. सगळ्या मापांशी एकदम जुळणारं उत्तरच अस्तित्वात नाही, कारण मापंच आपसात भांडतायत. खऱ्या स्कॅनमध्ये प्रत्येक माप असं थोडंफार चुकलेलं असतं.

आणि खऱ्या स्कॅनमध्ये चौकटी चार नसतात. नेहमीच्या सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ चौकटींचा, म्हणजे २,६२,१४४ अज्ञात आकडे. एका फेरीत साधारण हजार कोन आणि प्रत्येक कोनाला नऊशेच्या आसपास डिटेक्टर धरले तर नऊ लाख समीकरणं. या समीकरणांचा तक्ता पूर्ण लिहून काढायचा म्हटला तर त्यात २३ हजार कोटींहून जास्त जागा होतात. त्यातल्या बहुतेक शून्य असतात हे खरं, तरी कुठली शून्य नाही हे दर वेळी हिशोब करून काढावं लागतंच. हा एका कापाचा हिशोब झाला. छातीच्या एका स्कॅनमध्ये असे शेकडो काप निघतात.

दोन माणसं, आणि त्यांच्या आधीचा एक

गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ब्रिटनमधल्या ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते. १९६७ च्या सुमारास त्यांनी हा विचार धरला. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या पहिल्या यंत्रात गॅमा किरणांचा उगम इतका मंद होता की एका वस्तूचं माप घ्यायला नऊ दिवस लागले, आणि त्या सुमारे २८ हजार मापांवरून चित्र काढायला मोठ्या कॉम्प्युटरला अडीच तास. पुढे एक्स-रे नळी आली, वेळ खाली आला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या पेशंटचं डोकं स्कॅन झालं. चित्र होतं ८० गुणिले ८० चौकटींचं. आजच्या मोबाइलवरच्या ॲपचं चिन्हसुद्धा त्याहून बारीक असतं, पण त्यात मेंदूतली गाठ दिसली. कवटी न उघडता.

दुसरे ॲलन कॉर्मॅक. दक्षिण आफ्रिकेतले भौतिकशास्त्रज्ञ. १९५६ मध्ये केपटाउनच्या खोट स्खूर रुग्णालयात त्यांना आठवड्यातून दीड दिवस किरणोत्सारी पदार्थांवर देखरेख करायला बोलावलं होतं. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की शरीराच्या आत कुठे किती किरण अडतात हे माहीत नसताना डॉक्टर कॅन्सरच्या किरणोपचाराचे हिशोब करतायत. त्यांनी गणित सोडवलं, १९६३ आणि १९६४ मध्ये छापलं, आणि जवळपास कुणी दखल घेतली नाही. लेखाची प्रत मागणाऱ्यांत एक पत्र स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राचं होतं. डोंगरावरच्या बर्फाचे थर असे मोजता येतील का, हा त्यांचा प्रश्न. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळून दिलं गेलं. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

आणि गंमत अशी, की हे कोडं त्यांच्या किती तरी आधी सुटलेलं होतं. ऑस्ट्रियाचे गणिती योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच सिद्ध केलं होतं, की सगळ्या रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर मूळ आकृती नेमकी परत मिळवता येते. तेव्हा एक्स-रे होते, पण हा हिशोब करणारा कॉम्प्युटर नव्हता. कॉर्मॅकना तो लेख स्वतःचं काम छापून झाल्यावर कितीतरी वर्षांनी कळला.

मागे पसरवा, पण आधी गाळा

चार चौकटींची रीत पुन्हा पुन्हा फिरत राहते, म्हणून वेळखाऊ. तिच्यापेक्षा झटपट रीत अशी: प्रत्येक कोनातून मिळालेले आकडे ज्या दिशेने आले त्याच दिशेने उलटे चित्रावर पसरवायचे. एका रेषेवर बेरीज ७ आली, तर त्या रेषेवरच्या सगळ्या चौकटींत ती सारखी टाकायची. सगळ्या कोनांचं असं टाकत गेलं की जिथे खरंच काही आहे तिथे थर साचत जातात.

पण नुसतं एवढं केलं तर चित्र धुक्यातल्यासारखं येतं. एकच ठिपका स्कॅन केला तरी प्रत्येक कोनातून त्याच्यावरून एक पट्टा जातो. ठिपक्याच्या जागी सगळे पट्टे मिळतात हे ठीक, पण आजूबाजूलाही ते पसरलेले उरतात. ठिपक्यापासून दुप्पट लांब गेलं की हा पसारा निम्मा होतो. निम्माच, नाहीसा नाही.

यावरचा उपाय ज्या रूपात जगभर पसरला त्यात दोन भारतीय नावं आहेत, आणि ती सांगताना मला दर वेळी आनंद होतो. जी. एन. रामचंद्रन, म्हणजे मद्रासमध्ये कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी पिळाची रचना शोधणारे शास्त्रज्ञ, आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन. १९७१ मध्ये, म्हणजे लंडनला पहिला पेशंट स्कॅन झाला त्याच वर्षी, त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दाखवून दिलं, की फूरिए रूपांतराच्या, म्हणजे मापं लाटांमध्ये फोडून मांडण्याच्या, त्या वेळच्या जड हिशोबात न शिरता, साध्या गुणाकार-बेरजेने हा पसारा काढता येतो. आजही सीटीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो गाळ, म्हणजे आकड्यांची गाळणी, रॅम-लॅक फिल्टर या नावाने भेटतो.

तो जवळून बघण्यासारखा आहे. डिटेक्टरच्या रांगेतलं एक माप घ्या आणि त्याला ०.२५ ने गुणा. त्याच्या लगतच्या डाव्या-उजव्या मापांना उणे ०.१०१ ने गुणा. त्यापुढच्या दोघांना शून्य. त्यापुढच्यांना उणे ०.०११. मग पुन्हा शून्य, मग उणे ०.००४, असं दोन्ही बाजूंना लहान लहान होत जाणारं. सगळं मिळवा, आणि जे येईल ते मूळ मापाच्या जागी लिहा. आकडे मनाचे नाहीत. मधला एक चतुर्थांश. बाजूचे म्हणजे एक भागिले पायचा वर्ग, आणि पुढे तेच ९ ने, २५ ने भागत जायचं. ही सगळी रांग अखंड बेरजेला घेतली तर बरोबर शून्य येते. म्हणजे जिथे मापं सपाट आहेत, सगळी सारखी आहेत, तिथे गाळल्यावर जवळपास काहीच उरत नाही. जिथे कड आहे, बदल आहे, तिथे ठसठशीत आकडा येतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना ऋण आकडे येतात. हेच ऋण आकडे मागे पसरवले की आजूबाजूचा पसारा खोडून निघतो.

ही रीत, गाळून मागे पसरवण्याची, पुढची जवळजवळ चाळीस वर्षं सीटीवर राज्य करत राहिली. कारण ती एका फेरीत संपते, आणि तिचं वागणं सरळ असतं. मापं दुप्पट केली तर उत्तर दुप्पट. काही बिघडलं तर का बिघडलं ते शोधता येतं. नव्या रीतींच्या गर्दीत तिचा हा गुण आपण विसरू नये असं माझं ठाम मत आहे.

तिची एक खोड मात्र आहे. कडा ठळक करणारा गाळ गोंधळही ठळक करतो, कारण मापातली बारीक चूकही त्याला कडेसारखीच दिसते. म्हणून प्रत्येक स्कॅनरवर सौम्य आणि तीव्र असे वेगवेगळे गाळ ठेवलेले असतात. हायवेवरच्या अपघातातल्या पेशंटचं डोकं एकदाच स्कॅन होतं, पण तेच आकडे दोनदा उभारतात: मेंदूतला रक्तस्राव बघायला सौम्य गाळ, कवटीची बारीक चीर बघायला तीव्र. पेशंटला जादा किरण काहीच बसत नाहीत.

रक्तस्राव बघायला सौम्यच का? सीटीतल्या प्रत्येक चौकटीचा आकडा हाउन्सफील्ड यांच्याच नावाच्या मापात सांगतात. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, टणक हाड हजाराच्या घरात. मेंदूचा करडा भाग ३५-४० च्या आसपास आणि ताजं साकळलेलं रक्त ६० ते ८०. दोन हजारांहून मोठ्या पट्टीवर तीस-चाळीस घरांचा फरक. चित्रात तेवढाच गोंधळ माजला तर छोटा रक्तस्राव त्यात बुडून जातो.

किरण कमी, गोंधळ जास्त

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा इथे येतो. दहा हजारांतले तीन फोटॉन पलीकडे पोचत असतील तर मापाचा भरवसा किती? फोटॉनची मोजणी मुळातच नशिबावर चालते. सरासरी १०० पोचत असतील तर एखाद्या वेळी ९०, एखाद्या वेळी ११० पोचणार. म्हणजे दहा टक्क्यांचा हेलकावा. सरासरी १०,००० असतील तर हेलकावा शंभराचा, म्हणजे एक टक्का. हेलकावा नेहमी वर्गमुळाच्या हिशोबाने जातो. म्हणून चित्रातला गोंधळ निम्मा करायचा तर किरण चौपट सोडावे लागतात.

किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी अडीच मिलिसिव्हर्टच्या आसपास बसतात. डोक्याच्या सीटीला साधारण २, छातीच्या सीटीला ५ ते ७, आणि छातीच्या साध्या एक्स-रेला ०.१ किंवा त्याहूनही कमी. गरजेच्या स्कॅनसाठी ही मात्रा घाबरण्यासारखी नाही; डॉक्टरांनी सांगितलेला सीटी या भीतीने टाळू नये. पण लहान मुलं, आणि ज्यांना वर्षातून चार-पाच वेळा स्कॅन लागतात असे कॅन्सरचे पेशंट, यांच्यासाठी प्रत्येक कमी झालेला मिलिसिव्हर्ट मोलाचा. आणि तो कमी करण्याची जी काही साधनं आहेत त्यात अल्गोरिदमचा वाटा फार मोठा आहे.

त्यासाठी पुन्हा चार चौकटींकडे जावं लागलं, पण शहाणपण वाढवून. आधी एक अंदाजी चित्र घ्यायचं. हे चित्र खरं असतं तर मशिनने काय मोजलं असतं, ते कॉम्प्युटरमध्येच मोजून बघायचं. खऱ्या मापांशी फरक काढायचा. फरकाप्रमाणे चित्र सुधारायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. नवं शहाणपण दोन ठिकाणी. एक, सगळ्या मापांवर सारखा विश्वास ठेवायचा नाही: हाडांच्या गर्दीतून तीनच फोटॉन पोचले त्या मापाला कमी वजन, हवेजवळून हजारो पोचले त्याला जास्त. दुसरं, शरीराबद्दल आपल्याला आधीच जे माहीत आहे ते सांगून ठेवायचं. उदाहरणार्थ, यकृताच्या आत शेजारशेजारच्या चौकटींत आकडा सहसा उड्या मारत नाही, उडी मारतो तो कडेवर.

यातली मूळ कल्पना १९७० च्या दशकातच लोकांना ठाऊक होती. अडलं होतं ते वेळेपाशी. अपघाताचा पेशंट टेबलावर असताना चित्रासाठी तासभर थांबता येत नाही. कॉम्प्युटर गेमसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डं या हिशोबाला फार सोयीची निघाली, आणि २०१० च्या आसपास अशा फेऱ्या मारणाऱ्या रीती दवाखान्यांत रुळू लागल्या.

पण दुसरं शहाणपण सांभाळून वापरायचं असतं. 'शेजारी सारखेच असतात' हा आग्रह जास्त धरला तर चित्र मेणासारखं गुळगुळीत होतं आणि यकृतातली चार मिलिमीटरची गाठ त्या गुळगुळीतपणात विरघळते. रेडिओलॉजिस्ट अशा चित्रांना 'प्लास्टिकसारखं' म्हणतात, आणि त्यांची ती तक्रार खरी असते.

२०१९ पासून शिकवलेलं न्यूरल नेटवर्क वापरणाऱ्या रीती बाजारातल्या स्कॅनरवर आल्या. कमी किरणांचं गढूळ चित्र आणि जास्त किरणांचं स्वच्छ चित्र अशा जोड्या हजारोंनी दाखवायच्या आणि नेटवर्कने गढुळातून स्वच्छ काढायला शिकायचं. निकाल खरोखर थक्क करणारे आहेत, माझा त्यांना विरोध नाही. मात्र ३.५ आणि २.५ चं ते चित्र आठवा. मापं अपुरी असली की त्यांच्याशी जुळणारी चित्रं अनेक, आणि नेटवर्क त्यातलं निवडतं ते त्याने पूर्वी पाहिलेल्या चित्रांसारखं दिसणारं. जगात क्षयरोगाचे सर्वांत जास्त पेशंट भारतात आहेत. क्षयाने फुफ्फुसात पडलेले व्रण, पोकळ्या आणि चुन्याचे खडे ज्या नेटवर्कने शिकताना फारसे पाहिलेच नाहीत, ते सुरगाणा-पेठकडून आलेल्या पेशंटच्या फुफ्फुसाचं काय करेल, हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारलाच पाहिजे. सुंदर चित्र ही कसोटी धरू नका. जी गाठ आहे ती दिसते का आणि जी नाही ती दिसत नाही ना, एवढंच तपासायचं.

बिघडलेली चित्रं

अल्गोरिदम लिहिणाऱ्याचा बराच वेळ बिघडलेल्या चित्रांत जातो. मांडीत स्टीलचा रॉड असेल तर त्याच्यापलीकडे फोटॉनच पोचत नाहीत, आणि चित्रात रॉडमधून पांढरे-काळे फराटे चहूकडे फुटतात. रांगेतला एकच डिटेक्टर थोडा जास्त किंवा कमी मोजत असेल तर तो फिरता फिरता चित्रात नेमकं एक वर्तुळ काढतो. पेशंट हलला की कडा दुहेरी होतात. कानांमागच्या टणक हाडांच्या मधोमध एक काळपट पट्टा येतो, कारण हाडातून जाताना कमी ऊर्जेचे किरण आधी अडतात आणि उरलेला झोत जास्त भेदक होऊन बसतो. आपलं गणित मात्र सगळे किरण एकाच जातीचे धरून चाललेलं असतं. त्या पट्ट्याच्या जागी लहान मेंदू आणि मेंदूचं देठ असल्यामुळे ही चूक फार महागात पडू शकते. प्रत्येकावर उपाय आहेत, कुठलाही शंभर टक्के नाही.

दातांच्या दवाखान्यात जबड्याभोवती फिरणारं जे छोटं मशिन असतं, त्याचं गणित जरा वेगळं. तिथे किरण शंकूसारखे पसरतात आणि समोर डिटेक्टरची रांग नसून अख्खी पाटी असते. त्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या तिघांनी १९८४ मध्ये छापली. तिघेही अमेरिकेतल्या फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागातले. वस्तू न फोडता तिच्या आतला दोष शोधायचं गणित दातांच्या मुळांपर्यंत असं पोचलं. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या या गावाला ही गोष्ट माहीत असायला हवी, कारण ओतीव भागात हवेचा फुगा आहे का हे शोधणं आणि हाडात पोकळी आहे का हे शोधणं यांचं गणित एकच आहे.

सुरुवात कुठून करायची?

मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, "सर, यासाठी मशिन कुठून आणायचं?" मशिन नको. लॅपटॉप आणि पायथन पुरे. सायकिट-इमेज नावाच्या मोफत लायब्ररीत राडॉन रूपांतर (चित्रावरून रेषांच्या बेरजा काढणं), त्याचा उलटा प्रवास आणि शेप-लोगन फँटम हे तिन्ही तयार आहेत. १९७४ मध्ये लॅरी शेप आणि बेन लोगन यांनी दहा लंबवर्तुळं मांडून डोक्याच्या कापासारखी एक आकृती बनवली, तीच ही. तिचं खरं उत्तर आधीच माहीत असल्यामुळे अल्गोरिदम किती चुकला ते मोजता येतं. आधी १८० कोन घेऊन चित्र उभारा. मग २० कोन घ्या आणि फराटे कसे उगवतात ते पाहा. मग मापांत थोडा गोंधळ मिसळा आणि तीव्र व सौम्य गाळ बदलून बघा. नंतर काचमाझ यांची रीत स्वतः लिहा. ती लिहायला चाळीसेक ओळी पुरतात. तिथून पुढे शंकूच्या किरणांपर्यंत जायला ॲस्ट्रा आणि टायग्रे अशी दोन मोफत साधनं आहेत, पण त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागतं.

खरी अडचण त्यानंतर येते. दवाखान्यात जपून ठेवतात ते तयार झालेलं चित्र. ज्या मूळ मापांवरून ते झालं ती मशिनवर काही दिवस राहतात आणि नव्या पेशंटच्या मापांसाठी जागा करायला पुसली जातात. शिवाय ती ज्या साच्यात असतात तो प्रत्येक कंपनीचा वेगळा आणि बंद. म्हणजे आपल्याकडच्या पेशंटवर अल्गोरिदम तपासायचा तर आपल्याकडची मूळ मापं, पेशंटची परवानगी घेऊन आणि नाव-गाव पुसून, कुणीतरी साठवावी लागतील. नाशिकमध्ये म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, आणि इंजिनिअरिंग कॉलेजंही गावात पुष्कळ आहेत. मेडिकलचा एक रेडिओलॉजिस्ट आणि कॉम्प्युटरचे चार विद्यार्थी एका टेबलावर बसले तर पहिलं काम अगदी लहान निवडावं: पाण्याने भरलेला प्लास्टिकचा साधा डबा स्कॅन करायचा, त्याची मूळ मापं कंपनीच्या इंजिनिअरच्या मदतीने बाहेर काढायची आणि स्वतःच्या कोडने चित्र उभारायचं. डब्याच्या मध्यावर आणि कडेजवळ, दोन्हीकडे पाण्याचा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. मध्यावर तो खाली घसरला असेल तर किरणांच्या ऊर्जेची ती मघाची दुरुस्ती राहिली आहे. वर्तुळं दिसली तर डिटेक्टरची मापं आधी एकसारखी करून घ्यायची राहिली आहेत. ते दोन्ही जमलं की त्याच डब्यात एक स्टीलचा चमचा सोडायचा आणि पुन्हा स्कॅन करायचा.